गुमास्ता

दुकानाच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीखाली
चौदा वर्षं टांगलेला एक कागद:
गुमास्ता लायसन्स.
गुमास्ता मात्र कधीच नव्हता.
मीच झाडायची, मीच रबर कापायची,
भावावरून कुणी अडून बसलं तर म्हणायची,
"थांबा, आत विचारून येते,"
आणि आत जाऊन पाणी पिऊन यायची.

शिक्के करते मी, कोर्टामागच्या गल्लीत.
नोटरी, सरपंच, हेडमास्तर, "रद्द", "सत्यप्रत".
इंदूरचा निम्मा कायदा
माझ्या हातून आधी उलटा जातो,
कागदावर पडला की सुलटा होतो.

आता डोळ्यांना उलटं नीट दिसेना,
म्हणून अनारसिंग डावर.
आलीराजपूरकडचा. वय एकोणीस,
आधार कार्डावर बघितलेलं.

ते आधी बघा, असं खासगीवाले वकील म्हणाले.
त्यांच्याकडे तीन शिक्क्यांचे पैसे थकलेत,
त्या बदल्यात त्यांनी कायदा सांगितला:
नेमणुकीचं पत्र द्या, नुसतं बोलणं नको.
किमान वेतनाची यादी बघा, ती बदलत असते, पुन्हा बघा.
हजेरीचं रजिस्टर वेगळं, पगाराचं वेगळं.
पीएफची काळजी नको, एकटा आहे तो,
पण आठवड्याची सुट्टी पगारी,
आणि वार ठरवून पाटीवर लिहा.
उशिरापर्यंत थांबवलंत तर दुप्पट.
मग चहा संपवून म्हणाले,
"एक 'तातडीचे' करून ठेवा, लाल शाईचा."

शेजारचे होजियारीवाले बाकलीवाल हसले:
"काग़ज़ में काहे को पड़ती हो, भाभी,
घर का समझ के रखो."

घरचा.
मी होते ना घरची.
सासऱ्यांच्या छापखान्यात अकरा वर्षं
खिळे जुळवले, प्रुफं वाचली,
लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावली.
छापखाना विकला तेव्हा
मशीनचा भाव झाला,
खिळे वजनावर गेले,
मला एक साडी आली.
चांगली होती साडी. माहेश्वरी.

त्या रात्री पत्र लिहायला बसले.
काम, तास, पगार, तारीख,
काढायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं
(हे लिहिताना उगाच वाईट वाटलं,
अजून तर तो आलाही नव्हता).
"नियोक्त्याचे नाव" इथे पेन थांबलं.
हा शब्द मी शेकड्यांनी कापलाय,
दुसऱ्यांच्या नावांखाली.
लिहिलं: वृंदा तारे.
शिक्का मारायला गेले, तर माझाच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात शाळांची ऑर्डर आली.
साडेनऊपर्यंत थांबला अनारसिंग,
पाठीला पाठ लावून काम केलं आम्ही.
दुसऱ्या दिवशी मी पाकीट पुढे केलं.
"रहने दो मॅडम, आपने समोसे खिलाए थे."
समोसे वेगळे, म्हटलं. हा हिशेब आहे.
तो घेईना. मी हात मागे घेईना.
मी उपकार करतेय असं त्याला वाटत होतं,
आणि ते कसं पुसावं
हे खासगीवाल्यांनी सांगितलं नव्हतं.
शेवटी रजिस्टर उघडलं, रकाना दाखवला,
तेव्हा त्याने नोटा मोजून घेतल्या.
दोनदा मोजल्या. बरं वाटलं मला.

पाटीवर आता लिहिलंय: सोमवारी बंद.
पहिल्या सोमवारी अकरा वाजता मी तयार होऊन
किल्ल्या हातात घेऊन दारात उभी.
मग पुन्हा चपला काढल्या.

काल संध्याकाळी तो हजेरीवर सही करत होता,
सावकाश, पूर्ण नाव, डावरच्या "र"ला लांब शेपूट.
पान चाळत विचारलं, "इसमें आप कहाँ साइन करते हो?"
मी बघितलं.
आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रजा, शेरा.
माझा रकाना छापलेलाच नाही.
"मालिक का नहीं होता," मी म्हटलं.

त्याने शटर अर्ध्यावर ओढलं
आणि मी बाहेर येईपर्यंत
वाकून, एका हाताने, धरून ठेवलं.